आठ हजार ढग आणि एक डबी

"लोकांना निवड करताच येत नाही हो!" असं चष्मेवाले दिवसातून निदान दहादा म्हणत. त्यांना तो अधिकारच होता. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" गिऱ्हाईक घुटमळलं, की चष्मेवाले मनातल्या मनात त्याची कीव करायचे. दोनातलं एक सांगायचं, त्यात एवढं काय!

अशा ठाम माणसाला एकच नाद होता. रोज सकाळी सात वाजता गच्चीवर उभं राहून आभाळाचा एक फोटो काढायचा. बावीस वर्षं! एकदा पाय प्लास्टरमध्ये होता, तर हे गृहस्थ जिना बसून चढले, एकेक पायरी. असे आठ हजार ढग त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरात जमा झाले होते.

"अहो, ढग कसले जपून ठेवायचे?" त्यांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी, म्हणायच्या. "मान वर करा, आहेतच की!"

पण एक दिवस वेधशाळेतून एका संशोधक बाईंचं पत्र आलं. एकाच जागेवरून इतकी वर्षं काढलेले फोटो त्यांना अभ्यासाला हवे होते. रविवारी अकरा वाजता त्या घरी येणार होत्या. चष्मेवाल्यांनी ते पत्र दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावलं. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तक्त्याच्या आधी पत्र वाचू लागलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. आधी म्हणाला, जागा शिल्लक नाही. मग आतून कर्रर्र, कर्रर्र असा आवाज येऊ लागला, कुणी सुपारी फोडत बसल्यासारखा. चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटरमधलं सगळं कळणाऱ्या पुतणीला फोन लावला.

"काका, क्लाउडवर टाका ना सगळं!"

"अगं, ढगांचेच फोटो आहेत, ते परत ढगांवर काय टाकू?"

"तुम्ही आपली बाहेरून जोडायची डिस्क आणा," ती म्हणाली.

आता डिस्क आणणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. चष्मेवाल्यांना चार दिवस लागले! दुकानदाराने दोन काळ्या डब्या पुढे ठेवल्या. "ही आत फिरणारी. जागा ढीगभर, पण पडली की संपली. ही न फिरणारी. पडली तरी चालते, पण जागा बेताची."

"पडली म्हणजे किती उंचीवरून?"

"साहेब, मी पाडून बघितली नाही."

"आणि न पडता फिरायची थांबली तर?"

ते घरी गेले. परत आले. वहीत रकाने आखले, तेही भरले. रात्री ठरवलेलं सकाळी बदललं. तिसऱ्या फेरीला दुकानदाराचा धीर सुटला. दोन्ही डब्या नाकासमोर धरून तो म्हणाला, "साहेब, पहिली की दुसरी?"

चष्मेवाल्यांना दरदरून घाम फुटला. "दोन्ही... सारख्याच दिसतायत हो!"

शेवटी त्यांनी फिरणारी घेतली. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एक काच पडलेली नाही, तर डिस्क कशी पडेल?

शुक्रवारी त्यांनी सगळे फोटो डिस्कवर चढवले आणि पुतणीला अभिमानाने कळवलं. "कॉपी नाही केले हं, सरळ कट करून टाकले. जुन्या बिचाऱ्यावर भार कशाला?"

"काका! कट? म्हणजे आता एकच प्रत?"

ती जे ओरडली, त्याने चष्मेवाल्यांची झोपच उडाली. शनिवारी ते डिस्क छातीशी धरून दुकानात गेले. धक्का लागू नये म्हणून चष्म्याची सगळ्यात भक्कम डबी काढली, आतून मखमल लावलेली. डिस्क तीत अशी बसली, की जणू मापच दिलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. डबी गल्ल्यावर बसलेल्या वहिनींपाशी ठेवून ते नजर तपासायला आतल्या खोलीत गेले.

दहा मिनिटांनी बाहेर येतात, तर डबी गायब!

"अगं, इथली डबी?"

"दिली की!" वहिनी म्हणाल्या. "शिवणवाल्या मावशी आल्या होत्या चष्मा न्यायला."

"त्यांची डबी तर ही बघ, खणात आहे!"

"मग ती दुसरी कसली होती?"

चष्मेवाल्यांनी तडक मावशींना फोन लावला. "मावशी, डबी उघडलीत?"

"उघडली की! पण तुमचा नवा चष्मा काही नाकावर राहीना बाई. काड्याच सापडत नाहीत."

"मावशी, तो चष्मा नाहीये! हात लावू नका!"

"तरीच! असो, वजनाला छान आहे हो." आणि त्यांनी फोन ठेवला.

वजनाला! चष्मेवाले जे धावत सुटले, ते एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात वहिनींची सपात घालून. दोन गल्ल्या, एक चढ, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. शिवणवाल्या मावशींच्या दारात पोहोचले तेव्हा त्यांच्या छातीतून कॉम्प्युटरसारखाच आवाज येत होता.

आत लांबलचक टेबलावर निळं कापड पसरलं होतं. ते सरकू नये म्हणून कडेला डिस्क ठेवली होती. आणि डिस्कवर मावशींचा टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक! भोवती टाचण्यांचं असं रान माजलं होतं, की डिस्कचं साळिंदर झालं होतं.

"या या!" असं म्हणून मावशींनी, चष्मा नसल्याने अंदाजानेच, कापड आपल्याकडे ओढलं.

डिस्क घसरली. चष्मेवाल्यांनी झेप घेतली. आयुष्यात पहिल्यांदा! ते चिंध्यांच्या ढिगात पालथे पडले, डिस्क त्यांच्या सदऱ्यावर आणि टाचण्या सदऱ्याच्या आत. त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून गिरणीवाल्याने गिरणी बंद केली.

घरी आल्यावर पुतणीने फोनवरून धीर दिला. "एवढ्याशा चुंबकाने काही होत नाही काका. जोडून तर बघा."

"जोडली आणि फोटो नसले तर?"

"तर नसतील."

"म्हणूनच जोडत नाही!"

आणि खरंच जोडली नाही. रविवारी अकरा वाजेपर्यंत डिस्क टेबलावर, उशीवर होती आणि चष्मेवाले तिच्यासमोर, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे.

संशोधक बाई आल्या. त्यांनी शांतपणे डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. वहिनींनी, कधी नव्हे ते, त्यांचा हात धरला.

"अरे वा!" बाई म्हणाल्या.

एक ढग आला. मग शंभर. मग हजार. सगळे होते! चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई एकेक फोटो पुढे करत होत्या, मान डोलवत होत्या. मग त्या थांबल्या आणि एका फोटोचा खालचा कोपरा मोठा केला.

"ही दोरी कुणाची?"

"आमचीच," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "कपडे वाळत घालते मी तिथे. इतकं सांगते ह्यांना, जरा वर धरा कॅमेरा. ऐकतील तर ना!"

"रोज? सातच्या आत?"

"बावीस वर्षं. नंतर हातच रिकामा नसतो."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ढगांचे फोटो बरेच मिळतात हो. पण जमिनीलगतचा वारा रोज कुठून आणि किती वाहिला, हे असं कुठे मिळणार? ही बाही बघा, सरळ दक्षिणेकडे! वहिनी, टॉवेल साधारण किती जाडीचे असायचे?"

वहिनी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पुढचे दोन तास टॉवेल, चादरी आणि धोतरं यांत गेले.

"आणि ढग?" चष्मेवाल्यांनी मधेच विचारून पाहिलं.

"ढगही छान आहेत," बाई वर न बघता म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता चष्मेवाले गच्चीवर गेले. ठरल्या वेळेला त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबा!" बादलीपाशी वाकलेल्या वहिनी म्हणाल्या. "अजून मोठी चादर राहिलीय."

आणि चष्मेवाले थांबले.