बासुंदीच्या ताटलीतलं तळं

एका जंगलात एक तळं होतं. कुठलं जंगल ते विचारू नका, बाळांनो. विचारलंत तर गोष्ट इथेच बंद!

तळ्याचं पाणी असं नितळ, की तळाचे गोटे दिसत. काठाच्या बिळात गोदूबाई पाणमांजर आपल्या पिल्लांना घेऊन राहायची. पिल्लं त्याच पाण्यात पोहायची, तेच प्यायची. गोदूबाईचं सगळं जग म्हणजे ते तळं.

एकदा सिंहमहाराज पाणी प्यायला आले. "हे पाणी इतकं स्वच्छ ठेवतं कोण? शोधून काढा. आम्हाला त्यांचा सत्कार करायचा आहे." महाराजांना सत्काराची भारी हौस.

"डोळ्यांना न दिसणारे जीव, महाराज," खवलेशास्त्री म्हणाले. हे जातीचे खवल्या मांजर, लांबच्या जंगलातून शिकून आलेले. विद्वान गृहस्थ! अडचणीचा प्रश्न आला, की अंगाची गुंडाळी करून बसायचे. "थांबा, मी ते तुम्हाला दाखवतो."

शास्त्रीबुवांनी रानगवीच्या दुधाची घट्ट बासुंदी ताटलीत ओतली. तिच्यावर तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब टाकला. वर पान झाकलं आणि ताटली तापलेल्या दगडावर ठेवली. थोड्या दिवसांनी बासुंदीवर ठिपके उमटले. पांढरे, पिवळे, आणि एक तर चक्क गुलाबी!

"एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाचं वाढलेलं कुटुंब," शास्त्रीबुवा म्हणाले. "तळ्यात राहतात ते हेच. सफाई करतात तेही हेच."

गोदूबाईला राहवेना. "शास्त्रीबुवा, एखाद्याला बासुंदी पचत नसेल तर? ऊब सोसत नसेल तर? तो कसा यायचा ताटलीत?"

शास्त्रीबुवांनी झटकन गुंडाळी केली. आतून आवाज आला, "ताटलीत आला तो आहे. नाही आला तो नाहीच."

"आणि बासुंदी न पचायला काय झालं?" महाराज बोट चाटत म्हणाले. "आम्हाला तर पचते." झालं, प्रश्न मिटला.

आता एक गुपित सांगतो. शास्त्रीबुवांना सांगू नका हं, बिचारे पुन्हा गुंडाळी करतील. तळं स्वच्छ ठेवणारे जीव वेगळेच होते. ते तळाच्या गारव्यात राहायचे, कणभर कचरा खाऊन जगायचे आणि अगदी सावकाश वाढायचे. बासुंदीत पडले की ठार! ताटलीत उगवले ते खादाड. तळ्यात ते होते मूठभर, काही गोडधोड पडतंय का याची वाट बघत कोपऱ्यात लोळत पडलेले.

आणि पडलं की हो! महाराजांनी फर्मान काढलं : तळ्याच्या मानकऱ्यांसाठी रोज सकाळी पाण्यात घागरभर बासुंदी ओतायची. पहिल्या दिवशी गोदूबाईनं नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी पिल्लांनी मिशा चाटल्या, तेव्हा तिनंही चाटल्या. खोटं कशाला बोला? बासुंदी झकास होती.

मग पाणी गढूळ झालं. मग त्याला वास सुटला. मासे उलटे तरंगायला लागले. आणि एका सकाळी धाकटं पिल्लू पाणी प्यायलं नि पोट धरून गडाबडा लोळायला लागलं. गोदूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती तडक शास्त्रीबुवांकडे धावली.

"जळलं तुमचं शास्त्र! माझं तळं मेलं! पुन्हा तपासा!"

शास्त्रीबुवा एका पायावर तयार. तीच बासुंदी, तोच दगड. या खेपेला ठिपके इतके उगवले, की बासुंदीच दिसेना.

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं! "पाहिलंत बाई? तेच पांढरे, तेच पिवळे, तेच गुलाबी! मागे तुम्ही शंका घेतली होतीत. आता काठाचं आणा, तळाचं आणा, कुठलंही पाणी आणा. यांच्याशिवाय तळ्यात कुणी नाही!"

हे मात्र अगदी खरं होतं, बाळांनो. आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"अहो, पण पाणी पिता येत नाही!" गोदूबाई रडकुंडीला आली.

"पिणं हा माझा विषय नाही," गुंडाळी म्हणाली.

गोदूबाईनं धाकट्याला तोंडात धरलं, बाकीच्यांना मागे घेतलं आणि ती दुसरं पाणी शोधायला निघाली. वाटेत तिला सत्काराचा मांडव लागला. सत्कारमूर्ती होते खवलेशास्त्री, आणि सगळ्यांना बासुंदी वाढणं चाललं होतं.

तात्पर्य : पद्धत कधी चुकत नाही. चुकतं ते तळं. त्याला रोज थोडं थोडं सुधारत गेलं, की तेही पद्धतीप्रमाणे वागायला लागतं. मध्येच तहान लागली, तर बासुंदी आहेच.