रशीदचाचांचा हलका ब्रेक

उतार लागला की रशीदचाचा गाडीचं इंजिन बंद करत. गाडीत कोण बसलंय, मागून काय येतंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. गिअर काढायचा, चावी फिरवायची आणि मागे रेलून म्हणायचं, "उतार फुकाट हाय. त्यावर पेट्रोल कशाला जाळायचं?"

पौडच्या बाजारपेठेत चाचांचं पत्रे, खिळे आणि दोरखंडांचं दुकान होतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स आणि त्यांच्या शेजारची भाडेकरू. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कासार आंबोलीचे एक बंगलेवाले देश सोडून निघाले, तेव्हा चाचांनी त्यांची लांबलचक विलायती गाडी घेतली. ती आमच्या गल्लीत वळायची नाही. दर वेळी दुकानापुढची पिंपं हलवावी लागत, आणि ती हलवताना चाचांचा रुबाब नवरदेवाच्या बापासारखा असे.

या गाडीच्या ब्रेकला जोर द्यायला तेलाचा पंप होता. तेलाचा दाब साठून राही, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी ब्रेक बराच वेळ साथ देई. म्हणून तर चाचांचे उतार फुकट. पण पुढे तो पंप गळायला लागला. सुटा भाग पुण्यात मिळेना, मुंबईत मिळेना. ब्रेक इतका जड झाला की गाडी थांबवायला चाचांना सीटवरून अर्धं उठावं लागे. समोरून येणाऱ्याला वाटे, आपल्याला मान देतायत. काहीजण उलट नमस्कारही करत.

शेवटी दत्तू मिस्त्री म्हणाला, "तेलाची भानगडच काढून टाकू. व्हॅक्यूम बसवू."

त्याने भंगारातून एका मालवाहू गाडीचा गोल डबा आणला आणि त्याला इंजिनापासून रबरी नळी जोडली. इंजिन नळीतून हवा ओढणार आणि त्या ओढीवर ब्रेक हलका होणार. हे सगळं मला पाठ आहे, कारण ते आमच्या सामायिक अंगणात चाललं होतं आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर आठवडाभर गाडीच्या नळ्या लोंबत होत्या.

डबा बसला, पण चाचांचं समाधान होईना. ते ब्रेकवर पाय ठेवतच नसत. खाली वाकून तळहाताने दाबून बघत आणि म्हणत, "जड हाय."

"चाचा, ब्रेक काय हातानं मारनार हाय का?" दत्तू वैतागायचा.

"माझी गाडी हाय. कशानं बी मारीन."

दत्तूने दुसरा, आणखी मोठा डबा बसवला, तेव्हा कुठे चाचा हसले. दत्तूने बजावलं, "आता उतारावर इंजिन बंद करायचं न्हाई बरं का. डब्यातली ओढ एक-दोनदा पुरती. मग ब्रेक म्हंजे दगड!"

"व्हय रं. मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

दुसऱ्याच दिवशी मला ताम्हिणीला लस टोचायला जायचं होतं. एसटी चुकली. चाचा म्हणाले, "बसा, नर्सबाई. ब्रेक बी बघून हुईल." पुढे त्यांच्या शेजारी शकीलाचाची बसल्या. इतक्या चणीने लहान की मागून सीट रिकामीच वाटायची.

ताम्हिणीच्या अलीकडे उतार लागला. आणि सवयीचा हात चावीवर गेलाच.

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्यावर थोडा लागला. तिसऱ्या वळणाला चाचा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, तरी गाडी हलक्या मनाने पुढेच निघाली. बाहेर दरी होती. मी लसीची पेटी उराशी धरली. तेवढ्यात चाची ओरडल्या, "अवो, चावी!" आणि त्यांनी स्वतःच हात घालून ती फिरवली. इंजिन खोकलं, मग धडधडलं. गाडी थांबली ती कठड्याच्या दगडाला टेकून.

मग मलाच हसू फुटलं, थांबेचना. जिवंत असल्याचं हसू होतं ते. चाची हसल्या, चाचाही घाम पुसत हसले.

"पण चाची, तुम्हाला हे कसं सुचलं?"

चाची पदर सारखा करू लागल्या. उत्तर चाचांनी दिलं, खिडकीबाहेर बघत.

"मीच शिकवतोय तिला. पहाटं, माळावर. तुमच्या दवाखान्यात छाती धरून आलतो ना, तवापासनं. आमाला पोरबाळ न्हाई, नर्सबाई. उद्या मी नसलो तर दुकानाचा माल आणाया हिनं कुनाकुनाची मिनतवारी करायची? पर हिच्या पायात जोर न्हाई. तो जुना ब्रेक तिला हलतच नव्हता."

मी नुसतीच त्यांची नाडी बघितली. जोरात होती, पण नीट होती.

चाची म्हणाल्या, "सरका तिकडं. आता मी चालवते."

चाचा मुकाट्याने सरकले. सीटखालच्या उशा एकावर एक रचून चाची स्टिअरिंगमागे बसल्या. ताम्हिणी येण्याआधीच चाचांना गाढ झोप लागली, तोंड उघडं टाकून. खड्डा आला की चाची ब्रेकवर नुसतं पाऊल टेकवायच्या. गाडी अलगद हळू व्हायची आणि चाचांची झोप मोडायची नाही.