किल्ली गाडीतच आहे

दान करायला निघालेल्या माणसाकडे दानाची वस्तू तरी असावी लागते. व्हर्लिन कॉफीचा मग घेऊन अंगणात आला, तेव्हा त्याचा पिकअप जागेवर नव्हता. चिखलात टायरांचे ठसे होते, मधोमध तेलाचा जुना काळा डाग होता आणि वर मार्चचं मोकळं आभाळ.

"आर्डिस, गाडी कुठाय?"

"मला काय विचारतोस? नेली असेल कोणीतरी," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"आज? अगं, आज ती न्यायला संस्थेचा माणूस येतोय."

"मग नेणाऱ्याला ते ठाऊक नसेल. कुणाला सांगू नकोस, असं तूच म्हणालास ना?"

"तू कुणाला सांगितलंस?"

"छे. फक्त लव्हॉनला."

लव्हॉन गावातलं एकुलतं एक कॅफे चालवत असे. तिला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणंच, फक्त दोरी ओढायचे कष्ट वाचतात. व्हर्लिनने कपाळावर हात मारला आणि त्या भानगडीत कॉफी सांडली.

तो पिकअप म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. दोन बैल, गवताचे भारे आणि एकदा तर शाळेची अख्खी बस ओढून काढलेली ती दणकट डिझेल गाडी होती. किल्ली कायम आतच असायची. ज्याला गरज असेल त्याने न्यावी, काम झालं की टाकी भरून आणावी आणि सीटवर काहीतरी खायला ठेवावं, असा गावाचा रिवाज पडून गेला होता. व्हर्लिनने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. पण स्वतः मात्र त्याने जन्मात कुणाकडे साधी शिडीसुद्धा मागितली नव्हती. देताना तो राजा, घेताना त्याच्या घशात हाडूक अडकायचं.

आणि नेमकं गेल्या हिवाळ्यात आर्डिसचं दुखणं निघालं. उपचार स्यू फॉल्सच्या हॉस्पिटलात, रस्ता लांबचा, बर्फाचा. आणि मोतीबिंदूमुळे व्हर्लिनला समोरची गाय आहे की गवताचा ढीग तेही धड कळत नव्हतं. रुग्णांची ने-आण करणाऱ्या एका संस्थेची माणसं हिवाळाभर तिला घेऊन जात, हात धरून परत आणून सोडत. आर्डिस बरी झाली. व्हर्लिनने प्रत्येक ड्रायव्हरला दारात उभं राहून हवामान सांगितलं. आभाराचा शब्द काही तोंडातून फुटला नाही. आता त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, आणि त्यासाठी पुन्हा त्याच संस्थेकडे गाडी मागायची होती. पहिलं ओझं उतरल्याशिवाय दुसरं मागायचं कसं? म्हणून त्याने आपली सगळ्यात लाडकी वस्तू संस्थेला द्यायचं ठरवलं. म्हणजे फिटंफाट होईल, आणि मग ताठ मानेने मागता येईल.

आदल्या संध्याकाळी त्याने गाडी झाडून काढली होती. आर्डिसने फक्त आपली उशी तेवढी घरात आणली. ती उशीशिवाय त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. बायकांच्या सवयी, असं म्हणून व्हर्लिनने तो विषय कधीच मिटवून टाकला होता.

इतक्यात टोइंगची गाडी दारात येऊन थांबली. आतून कॉरिना नावाची तिशीतली, जाडजूड बूट घातलेली बाई उतरली.

"साहेब, पिकअप तुम्हीच देताय ना?"

"हो, मीच. येईलच ती इतक्यात. तोवर सही करून टाकतो."

"गाडी बघून मग करा की."

"मी दिली म्हणजे दिली," व्हर्लिन म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने सही ठोकली. आता ती गाडी कायद्याने संस्थेची झाली. फक्त ती कुठे आहे, हे ना संस्थेला ठाऊक होतं ना व्हर्लिनला.

दोघं टोइंगच्या गाडीतून शोधायला निघाली. पहिला थांबा शेजारचा डॉयल, कारण कुठलीही वस्तू हरवली की ती आधी डॉयलकडे शोधायची पद्धतच होती.

"नेली होती की पहाटे," डॉयल गोठ्यातून बाहेर येत म्हणाला. "जुनी बॅटरी घालून दान देणार होतास? लाज वाटेल गावाला. नवी बसवली मी. मग लव्हॉन घेऊन गेली."

"मी बॅटरी मागितली नव्हती."

"तू कधी काय मागितलंयस? म्हणून तर न विचारता बसवली."

लव्हॉनने कॅफेच्या दारातच कॉरिनाच्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा ठेवला. "सीटला नवीन कव्हर शिवून घातलंय, निळं. पाहुण्यांकडे मूल पाठवायचं तर नीट कपडे घालून पाठवावं. गाडी पाद्रीबुवांनी नेली बघ."

पाद्री ऑर्व्हिल चर्चमागे ओल्या बाह्यांनी उभा होता. मागचा मोडका फाळका बदलून त्याने गाडी आरशासारखी धुतली होती.

"छान. आता कुठाय ती?" व्हर्लिनने विचारलं.

"डॉयल धावत आला आणि घेऊन गेला."

"डॉयलकडूनच तर आलोय आम्ही."

"तुम्ही निघालात आणि त्याची गाय लांबच्या कुरणात अडली. त्याची स्वतःची गाडी पंक्चर. तो म्हणाला, व्हर्लिन कुणा टोइंगवालीबरोबर फिरतोय, संस्थेचा माणूस यायला अजून वेळ आहे."

"संस्थेचा माणूस मीच आहे," वडी खात कॉरिना म्हणाली.

परत जाताना व्हर्लिनचा धीर सुटला. "डावीकडे घे पोरी. ओढ्याकडून जवळ पडतं. हा रस्ता मला डोळे मिटून पाठ आहे."

डोळे उघडे ठेवूनही त्याला हल्ली फार वेगळं दिसत नव्हतं, हे कॉरिनाला कोण सांगणार? तिने डावीकडे घेतलं. वरून कोरडा दिसणारा रस्ता आतून शिऱ्यासारखा मऊ झाला होता. दुसऱ्यांच्या बंद गाड्या ओढून नेणारं ते अवजड धूड आधी थबकलं, मग कलंडलं आणि शेवटी आसापर्यंत चिखलात जाऊन स्वस्थ बसलं.

कॉरिनाने इंजिन बंद केलं.

"साहेब, रस्ता पाठ होता ना?"

"रस्ता पाठ होता. चिखल नवीन आहे."

दोघं चालत डॉयलच्या गोठ्यावर पोचली. पिकअप तिथेच उभा होता, धुतलेला, नटलेला. आणि त्याच्या निळ्या कोऱ्या सीटवर, हीटरची ऊब खात, नुकतं जन्मलेलं ओलं वासरू बसलं होतं. डॉयलने टोपी काढून हातात घेतली.

"बाहेर गारठलं असतं रे," तो पुटपुटला.

व्हर्लिनचं तिकडे लक्षच नव्हतं. संस्थेची गाडी आपल्यामुळे चिखलात रुतली होती आणि ती बाहेर काढायला एक दणकट पिकअप हवा होता. तो समोर उभा होता, पण आता तो त्याचा नव्हता. म्हणजे मागावा लागणार होता. व्हर्लिनने घसा खाकरला. हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलून पाहिली. कोणी दाद देईना.

"पोरी," शेवटी तो बुटांकडे बघत म्हणाला, "ही गाडी... जरा वेळ मिळेल का?"

डॉयल गोठ्याच्या दाराला टेकला. हे वाक्य ऐकायला आपण आजवर जगलो, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

"न्या की," कॉरिना म्हणाली. "किल्ली आतच आहे."

वासराला त्याच्या आईकडे पोचवलं. डॉयलने साखळी अडकवली, कॉरिना पिकअपच्या स्टिअरिंगवर बसली आणि म्हाताऱ्या डिझेलने एकदा खोकून असा जोर लावला की ते धूड चिखलातून सुर्रकन वर आलं. व्हर्लिन नुसता ऐकत होता. त्या आवाजाने त्याचे डोळे भरून आले, आणि मोतीबिंदूला दोष द्यायची सोय असल्यामुळे त्याने ते पुसलेही नाहीत.

गोठ्यावर परतल्यावर कॉरिनाने ऑफिसला फोन लावला. "हिचा लिलाव करायचं विसरा," ती म्हणाली. "मी हिला ओढायला आले होते, हिनंच मला ओढून काढलं. थंडीत आपल्या छोट्या गाड्या इकडच्या शेतांपर्यंत पोचत नाहीत. ही इथेच राहू दे आपल्या कामाला... ड्रायव्हर? इथं एक गोठ्याला टेकून उभाच आहे."

अशा रीतीने संध्याकाळी पिकअप पुन्हा व्हर्लिनच्या अंगणात, त्याच तेलाच्या डागावर येऊन उभा राहिला. दार उघडलं तर सीटवर वड्यांचा उरलेला डबा होता आणि टाकी काठोकाठ भरलेली होती.

"दिली ती परत आली," व्हर्लिन आर्डिसला म्हणाला. "वर नवी बॅटरी, नवा फाळका. फिटंफाट कसली, उलट ओझं वाढलं."

"वाढू दे," आर्डिस म्हणाली. "डोळ्यांसाठी फोन करतोस की मी करू?"

फोन त्यानेच केला. मागताना तीनदा अडखळला, पण मागितलं.

ऑपरेशनच्या दिवशी संस्थेची गाडी आली, म्हणजे अंगणाच्या एका टोकावरून दारापर्यंत आली. स्टिअरिंगवर डॉयल. व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच गाडीच्या दुसऱ्या बाजूने चढू लागला, तेव्हा आर्डिसने त्याच्या हातात उशी दिली.

"ही कशाला?"

"घे म्हणते ना."

त्याने ती मांडीवर ठेवली. पहिला खड्डा आला आणि निळ्या कव्हरखालच्या तुटक्या स्प्रिंगने त्याला अशी काही सलामी दिली की डॉयलला गाडी थांबवावी लागली.

"तुला माहीत होतं हे?" व्हर्लिनने कळवळून विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून तर या बाजूला कोणी बसत नाही."

दुपारी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पारदर्शक झाकण लावून तो परतला. दारात आर्डिस उभी होती. त्या डोळ्याने ती इतकी स्वच्छ दिसली की तो क्षणभर बघतच राहिला.

"इतकी वर्षं त्या स्प्रिंगवर बसलीस आणि बोलली नाहीस?"

"तुझ्या गाडीला कोणी नावं ठेवलेली तुला खपायची का?"

व्हर्लिनने घसा खाकरला. आर्डिसला वाटलं, आता हवामान येणार.

"आभारी आहे," तो म्हणाला.

"कशाबद्दल रे?"

"आज उशीबद्दल," आत येत व्हर्लिन म्हणाला. "बाकीचं हळूहळू सांगतो. यादी मोठी आहे."