चौराज्यातला लिंबूटिंबू

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही लगेच बघायला निघाल, आणि तिथे बघ्यांची गर्दी आधीच फार झाली आहे. ती का झाली, त्याचीच ही गोष्ट. तेव्हा मांडी घालून बसा, आणि मागच्या बाजूला कोण आहे त्याने आधी तोंडातलं संपवा.

तर साळिंदराचं नाव अंतोबा. त्याने एक खेळ काढला होता, चौराज्य नावाचा. नदीकाठच्या सपाट कातळावर नखाने पट कोरला होता. त्यात चार दिशांना चार राज्यं, मध्ये नद्या, घाट, खिंडी आणि एक बाजारपेठ. स्वतःचेच गळलेले काटे सोंगट्या म्हणून उभे केले होते. लांब काटा म्हणजे हत्ती, आखूड काटा म्हणजे शिपाई. धान्याला करंजाच्या बिया. तह करायचे, तह मोडायचे, फितुरी करायची, गड घ्यायचे. सकाळी डाव मांडला की सूर्य बुडेपर्यंत चालायचा.

खेळ झकास होता. अडचण एकच. त्याला चार गडी लागत. आणि अंतोबा एकटा होता.

मग तो एकटाच चौघांचं खेळे. पूर्वेला बसून फितुरी करायची, मग कातळाला वळसा घालून पश्चिमेला जायचं आणि त्याच फितुरीचं आश्चर्य वाटून घ्यायचं. आता तुम्हीच सांगा, कसं जमणार? उत्तरेचा बेत दक्षिणेला आधीच ठाऊक! दुपारपर्यंत चारही राजे एकमेकांना पुरते ओळखून बसत आणि डाव अडकून पडे. आपल्याच खेळाचा शेवट अंतोबाने कधी पाहिला नव्हता. एकदा तरी तो पाहायचा, एवढंच त्याला हवं होतं. बिचाऱ्याला झोपेतसुद्धा घाट दिसत.

त्यातच एके दिवशी गोदाक्का आली. गोदाक्का म्हणजे अस्वलीण. बोलायला रोखठोक, मनाने चांगली, पण चांगुलपणा दिसू न देणारी.

"अंतोबा, एवढा मोठा ऊन खाणारा कातळ तू अडवून ठेवलायस. माझा मोह वाळवायचा कुठे?" ती म्हणाली. "पुनवेपर्यंत यावर चौघं बसून खेळलेली दिसली तर कातळ तुझा. नाही दिसली तर त्या दिवशी मी टोपल्या घेऊन येते आणि फुलं पसरते."

 अंतोबाने ताबडतोब पोपटांना बोलावलं.

त्या जंगलात निरोप पोपट नेत. एकाला सांगितलं की सगळा थवा तेच ओरडत जंगलभर फिरे. सोय मोठी होती. पण रोज सकाळी कुणाची तरी आत्या त्याच थव्याकडून सगळ्यांना 'सुप्रभात' म्हणवून घेई, त्यामुळे पोपटांचं कुणी फारसं ऐकत नसे. ऐकू आलं की लोक झोपेतच 'नक्की' म्हणत आणि कूस बदलत.

अंतोबाचा निरोप गेला, "चौराज्य खेळायला या!"

थवा परत आला तो ओरडतच. "नक्की! नक्की! नक्की!"

अंतोबा हरखला. त्याने रताळी भाजली, करवंदं धुतली, कातळ झाडला. उन्हं चांगली वर आल्यावर एकेक पाहुणा उगवला. पहिले आले कोल्होबा वासुनाना. हे सगळ्या जंगलाला सल्ला देत. मग मोर रंगराव आले. कुणी बघत असल्याशिवाय यांच्याने काहीच होत नसे. शेवटी सशीण चिमाताई आली. घरात पोरांचा एवढा गोतावळा, की तिला बसायला मिळालं हेच तिच्या दृष्टीने सणासारखं होतं.

"काय खायला आहे?" आल्या आल्या वासुनानांनी विचारलं.

खाणं झालं. अंतोबाने घसा साफ केला.

"नियम अगदी सोपे आहेत," तो म्हणाला.

मुलांनो, कुणी असं म्हणालं की तिथून पळायचं असतं, हे लक्षात ठेवा. अंतोबाने आधी घाटाचे नियम सांगितले. मग पावसाळ्यातले घाटाचे नियम सांगितले. मग हत्ती केव्हा पोहतो, केव्हा पोहत नाही, आणि पोहत नसताना वाहून गेला तर तो कुणाचा, ते सांगितलं. तहाचे प्रकार सांगितले. रंगरावांनी पिसारा उघडला, मिटला, परत उघडला. चिमाताई बसल्या बसल्या पेंगली. सावली कातळावरून निघून झाडाखाली गेली, तरी अंतोबा बाजारपेठेपर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

"वा! फार छान," वासुनाना उठत म्हणाले. "जरा पाय मोकळे करून आलोच!"

"मीही येतो हं," रंगराव म्हणाले.

"येते रे, पोरं एकटी आहेत," चिमाताई म्हणाली.

अंतोबा खूश होऊन त्यांची वाट बघत बसला. का नाही बसणार? दोघं 'येतो', 'येते' म्हणाले होते. वासुनाना तर 'आलोच' म्हणाले होते, म्हणजे जवळजवळ येऊन झालंच! त्याने उरलेली रताळी गरम राहावीत म्हणून राखेत पुरली. सूर्य बुडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवला. अंतोबा तिथेच.

गोदाक्का पाण्यावर निघाली होती. तिने विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?"

"चौराज्यवाल्यांची. येतो म्हणून गेलेत."

गोदाक्काने कपाळावर पंजा मारला. "अरे खुळ्या! जाणारा माणूस 'येतो'च म्हणतो. 'जातो' म्हणणं बरं दिसत नाही. एवढं कुणी शिकवलं नाही तुला?"

आता अस्वलीण 'माणूस' कशी म्हणाली असं विचारू नका. बोलण्याची पद्धत असते एकेकाची.

"मग खरंच येणारा काय म्हणतो?" अंतोबाने विचारलं.

"तो काही म्हणत नाही. तो येतो, आणि खायला काय आहे विचारतो."

अंतोबाला फार वाईट वाटलं. तरी त्याने नाद सोडला नाही. त्याने पुन्हा थवा पाठवला. पुन्हा 'नक्की' आलं. वासुनानांच्या साडूची तब्येत बिघडली. रंगरावांना सर्दी झाली. चिमाताईकडे पाहुणे आले, आणि ते गेल्यावर दुसरे आले. 'पुढच्या वेळी नक्की जमवू' असं तिघांनीही कळवलं. असं करता करता पुनवेचा दिवस उजाडला.

अंतोबा सकाळीच कातळावर गेला. पसारा आवरण्याआधी एकदा शेवटचा डाव मांडावा म्हणून त्याने काटे उभे केले. पण लक्ष कशात होतं? डोळ्यांत पाणी. त्या भरात त्याने उत्तरेचा हत्ती नेऊन सरळ नदीत उभा केला.

"अरे अरे अरे!" मागून आवाज आला. "नदीत हत्ती? कुणी शिकवलं तुला खेळायला?"

वासुनाना होते. घाईने कुठेतरी निघाले होते, खांद्यावर उपरणं होतं.

"मला वेळ नाही," ते म्हणाले. "पण बघवत नाही म्हणून सांगतो. तो हत्ती मागे घे आणि खिंड अडव."

अंतोबाने हत्ती मागे घेतला. मग त्याने पश्चिमेचं सगळं धान्य उचलून उघड्या माळावर ठेवलं. पहिली चूक खरी होती बरं का. ही दुसरी त्याने थोडा विचार करून केली.

"शहाणाच आहेस! सरक, सरक तिकडे!" म्हणत वासुनाना पश्चिमेला टेकले. "मी खेळत नाहीये हं. नुसता दाखवतोय."

झाडावरून रंगरावांनी ते पाहिलं. "नाना, तुम्ही पूर्वेला मोकळं रान दिलंत की हो!" ते खाली उतरले. "मी नाही खेळत, मला सर्दी आहे. पण पूर्वेच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं." आणि ते पूर्वेला बसले. चिमाताई पोरांना हाका मारत आली. दोघा पुरुषांचं भांडण ऐकून थबकली. दक्षिणेचे शिपाई उपाशी उभे होते, ते तिला पाहवेना. "मी काही बसणार नाही बाई," असं म्हणून ती बसली.

वासुनाना खिंडीतून हत्ती नेऊ लागले. अंतोबा हळूच म्हणाला, "नाना, नियम असा आहे की खिंडीत..."

"तुला काय कळतंय?"

"मीच केलाय तो नियम."

"केला असशील. शेवटपर्यंत खेळलायस का कधी?"

 खेळला नव्हताच अंतोबा. पण मनातून त्याला उकळ्या फुटत होत्या. तीन गडी जमले होते. चौथी, उत्तरेची जागा रिकामी होती. त्याने काटे सावरले, अंग झटकलं आणि उत्तरेकडे निघाला.

तेवढ्यात गोदाक्का मोहाच्या टोपल्या घेऊन आली. तिने कातळाकडे पाहिलं. मग उत्तरेकडे पाहिलं.

"अगं बाई! ही एवढी मोठी खिंड उघडी टाकून हे राज्य करणार?" टोपल्या बाजूला ठेवून ती उत्तरेला धपकन बसली. कातळाखालची वाळूसुद्धा हलली.

"मग मी?" अंतोबाने विचारलं.

कुणी ऐकलं नाही. पूर्वेकडे तह चालला होता. "मध्ये मध्ये करू नकोस रे," रंगराव म्हणाले, "जा, पाणी आण."

अंतोबा हलला नाही. त्याचा चेहरा इतका उतरला, की शेवटी चिमाताईतल्या आईला राहवलं नाही. "घ्या हो त्याला पण," ती म्हणाली. "लिंबूटिंबू म्हणून घ्या."

लिंबूटिंबू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे अजून आहेत. खेळात घ्यायचं पण धरायचं नाही. त्याने मारलं तरी कुणी मरत नाही, आणि तो कधी बाद होत नाही. ज्याने चौराज्याचा नियम न् नियम घडवला, त्याला एक मोडका काटा मिळाला आणि नियम एकही नाही.

अंतोबा मोडका काटा घेऊन पटावर हिंडू लागला. घाटातल्या चौकीवर त्याला कुणी अडवलं नाही. चारही राजांच्या कुजबुजी त्याच्यासमोर चालत. लिंबूटिंबूपासून काय लपवायचं? हत्ती वाहून गेला तेव्हा तो कुणाचा यावर एवढी जुंपली, की पोपटांचा थवा ऐकायला आला आणि त्याच्या मागे अर्धं जंगल. मोहाच्या टोपल्या हातोहात फिरल्या. गोदाक्काच्या लक्षात आलं तेव्हा तळाला फक्त देठ होते.

"राहू दे," ती म्हणाली. "नाना, तुमची पाळी."

उन्हं कलली. नाना आणि रंगराव यांचा पक्का तह होता. दोघं मिळून उत्तरेचा गड घेणार होते. अंतोबाने दोघांच्या शपथा कानांनी ऐकल्या होत्या. हात वर झाले, हत्ती निघाले, आणि शेवटच्या क्षणी नानांनी हत्ती फिरवून रंगरावांच्याच राजधानीत घातला. रंगराव ओरडले. गोदाक्का नानांवर धावली. तिघांची ही झोंबाझोंबी चालू असताना चिमाताईने, सबंध दिवस नीट जेवू घातलेले आपले शिपाई रिकाम्या बाजारपेठेतून नेऊन चारही गडांत उभे केले. कुणाचं लक्षच नव्हतं.

"संपलं ना?" तिने विचारलं. "मला स्वयंपाकाला उशीर होतोय."

संपलं होतं. अंतोबाला यातल्या कशाची म्हणजे कशाची कल्पना नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याच्या खेळाने त्याला फसवलं होतं. आनंदाने त्याच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले आणि शेजारी बसलेल्या तिघा-चौघांना टोचले.

सूर्य बुडाला. वासुनाना उपरणं झटकत म्हणाले, "आलोच हं!" रंगराव म्हणाले, "येतो." चिमाताई म्हणाली, "येते रे." अंतोबा आता शहाणा झाला होता. "या," एवढंच तो म्हणाला आणि सोंगट्या गोळा करू लागला. गोदाक्का काहीच बोलली नाही. रिकाम्या टोपल्या उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच अंतोबाला जाग आली ती कातळावरच्या आरडाओरड्याने. हत्ती केव्हा पोहतो यावर वाद पेटला होता. तो धावत गेला. उत्तरेला गोदाक्का केव्हाची बसली होती. पूर्वेला रंगराव, दक्षिणेला पोरांसकट चिमाताई. आणि पश्चिमेकडून वासुनानांनी मान वळवून विचारलं,

"काय रे लिंबूटिंबू, खायला काय आहे?"

तात्पर्य: मुलांनो, खेळायला कुणाला बोलावू नये. आपण चारचौघांत बसून चुकत जावं, म्हणजे शहाणे आपोआप जमतात. एकदा का ते जमले, की आपलं शहाणपण गिळून निमूटपणे रताळी भाजावीत. बाकी डाव त्यांचा आणि शेवट आपला.