फ्लॉरेन्स झालं का?

बाळांनो, एका जंगलात ऊन रग्गड होतं आणि सावली जेमतेम. पाणवठ्यावर जांभळीचं एकच मोठं झाड होतं आणि त्याखाली एकच कुटुंब मावायचं. म्हणून जंगलानं ठराव केला होता. जो परदेश करून येईल, त्यानं सभेत प्रवासाच्या चार युक्त्या सांगाव्यात आणि उन्हाळाभर जांभळीखाली सहकुटुंब बसावं.

सोपानराव गव्याला परदेशाची हौस नव्हती. पण त्याची बायको यमुनाबाई मागच्या वैशाखात दोनदा चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. त्यानं कोल्हेसरांच्या इटलीच्या सहलीत नाव नोंदवलं.

"फ्लॉरेन्स जुनं शहर आहे, पायी बघायचं," कोल्हेसर म्हणाले. "बूट मऊ घ्या. चर्चमध्ये उघडे खांदे चालत नाहीत. आणि दुपारनंतर दुधाची कॉफी मागू नका, लोक हसतात."

सोपानरावानं बूट घेतले, चार. खांद्यांचं अवघड होतं. गव्याचे खांदे ते! शेवटी यमुनाबाईनं तीन चादरी जोडून शाल शिवली.

"माझी काळजी करू नका हो," ती म्हणाली. तो करणारच होता.

फ्लॉरेन्सला पोचल्यावर कोल्हेसरांनी छत्री उंच धरली आणि ते पळत सुटले. "घुमट झाला! पुतळा झाला! पूल झाला! चला, चला!"

सहलीतल्या मधुकर वानराला पहिल्याच पुतळ्यापाशी बूट चावला. तो गावाबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन आडवा झाला. झोपण्यापूर्वी त्यानं बघायच्या ठिकाणांच्या यादीतल्या सत्तावीसच्या सत्तावीस नावांवर खूण मात्र केली.

सोपानराव एका दगडी गल्लीत थांबला. वरच्या खिडकीतली म्हातारी खालच्या शेजारणीशी कडाकडा भांडत होती. भांडण संपलं, तशी तिनं त्याच शेजारणीला टोपलीतून दोरीनं टोमॅटो सोडले. सोपानरावाला इतकं बरं वाटलं, की तो तिथंच रवंथ करत उभा राहिला. मग गल्ली चौकात गेली म्हणून तोही गेला. चौकात तो वाट चुकला आणि चुकत चुकत नदीवर पोचला. पुलावर सोनारांची दुकानं होती आणि खाली पाणी संथ होतं. मान वर केली की कुठून ना कुठून घुमट दिसायचा, त्यामुळे हरवल्याची भीती वाटत नव्हती. यमुनेला इथं आणायला हवं, असं त्याला सारखं वाटत होतं.

सहल परतली. सभा भरली. चिटणीस बगळा वही उघडून बसला.

"मधुकर, फ्लॉरेन्स झालं?"

"झालं! सत्तावीस ठिकाणं, अर्ध्या दिवसात!"

टाळ्या पडल्या.

"सोपानराव, तुमचं झालं?"

सोपानराव खरं बोलणारा. "झालं कसलं हो! एक गल्ली आणि दीड चौक. बाकी सगळं राहिलंय. ते काही होण्यातलं शहर नाही."

बगळ्यानं लिहिलं, 'सोपानराव गवा. फ्लॉरेन्स झालं नाही.'

"अहो, पण मी गेलो होतो!"

"झालं नाही असं तुम्हीच म्हणालात. वहीत आलंय आता."

जांभळीची जागा मधुकरला मिळाली. सभेनंतर तो हळूच सोपानरावाजवळ आला. "काका, तिथं नेमकं असतं काय हो? उद्या भाषण आहे माझं."

सोपानराव भोळा. त्यानं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मधुकर जांभळीखाली उभा राहून बोलला. "यादी फेकून द्या. वाट चुका. घुमट दिसतोय तोवर भिऊ नका." ऐकून हरणांचे डोळे भरून आले.

"त्या टोमॅटोच्या टोपलीचंही सांग की!" सोपानराव मागून म्हणाला.

"मध्ये बोलू नका," बगळा खेकसला. "न गेलेल्यांनी गेलेल्यांचं ऐकावं."

यमुनाबाई उन्हात उभी होती. सोपानराव तिच्या आणि सूर्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "ती म्हातारी भांडत कशावरून होती, ते सांगा."

तात्पर्य: बाळांनो, पायी बघण्यासारखं शहर कधी पायी बघू नये. चालणाऱ्याचं ते बघून संपत नाही, आणि ज्याचं संपलं नाही तो गेलाच नव्हता, असं सभा धरून चालते. तुम्ही आपलं बसमध्ये झोपावं. चालून आलेला कोणीतरी भेटतोच, आणि तो बिचारा विचारलं की सगळं सांगतो.