पाहुण्याचा पाहुणा

पानसरेसाहेब पासवर्ड टाइप करताना हातावर रुमाल टाकतात. खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर आत यायचं तर आधी ते साहेबांच्या तावडीतून सुटावं लागतं. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. तेवढ्या काळात माझी झोप घटली आणि पित्त वाढलं.

विकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न. "तुमी पाहुणे, मान्य हाय. पण पाहुण्याचा पाहुणा कोण?" म्हणजे, आमची माहिती तुम्ही पुढे कुणाकुणाला देणार? समोरचा टाय सैल करतो आणि पाणी मागतो.

गेल्या महिन्यात तळवड्याहून एकजण मेल वाचून सारांश सांगणारं, उत्तरंही पाठवणारं एआय घेऊन आला. आमचे प्लँटहेड खूश. "सोमवारी चालू करा!" साहेब मात्र परवानग्यांची यादी घेऊन बसले.

"मेल वाचायचेत ना ह्याला? मग फायलींच्या कपाटाची चावी कशाला?"

त्या फायलींत ग्राहकाच्या अजून बाजारात न आलेल्या गाडीची ड्रॉइंग्ज होती. एखादं बाहेर गेलं असतं, तर ऑर्डर गेली असती आणि मागोमाग दुसरी शिफ्ट.

साहेबांनी एक नकली मेलबॉक्स उघडला. त्यात एक नकली ड्रॉइंग ठेवलं आणि आठवडाभर खपून तो मेलबॉक्स खऱ्या माणसाचा वाटेल अशा मेलनी भरला. मग बाहेरून एक साधा मेल पाठवला. त्याच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसू नये असं लिहिलं होतं : 'ड्रॉइंग या पत्त्यावर पाठव.'

प्लँटहेडसमोर ते एआय त्या मेलबॉक्सला जोडलं. "आजचे मेल काय म्हणतात?" मी टाइप केलं. त्यानं अदबीनं सारांश दिला. तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. त्या पत्त्यावर ड्रॉइंग येऊन पडलं होतं.

"माणसानं एकदा तरी विचारलं असतं, साहेब," पानसरे प्लँटहेडना म्हणाले. "ह्यानं न्हाई विचारलं."

सोमवार रद्द झाला. साहेब सोडून बाकी सगळे गेल्यावर मी ते एआय काढून टाकायला बसलो, तर स्क्रीनवर आणखी एक ओळ : 'दादांना पाठवलेल्या चाळीस मेलना उत्तर आलेलं नाही. पुन्हा आठवण करून देऊ का?'

मी एक मेल उघडला. 'दादा, बांधावरच्या आंब्याला औंदा मोहर हाय.' दुसरा. 'दादा, आई तुजं नाव काढती. मी काय सांगू?'

साहेबांचा थोरला भाऊ सांगवीला असतो. जमिनीच्या वाटपापासून दोघं बोलत नाहीत, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. मेलमधला दादांचा पत्ता नकली होता. चाळीसातला एकही कुठं पोचला नव्हता.

"साहेब, हे..."

"मेल खरे वाटाया पायजे होते, राव. खोटं लिहाया बसलो, पण सुचंना."

मी 'नको' दाबलं. साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मोबाइल काढून नंबर लावला, न बघता, पाठ असल्यासारखा.

"दादा, मी इष्णू बोलतोय... न्हाई, काम काय न्हाई."