महाधमनीचा दरवान

फोको वीनिंगाला दम लागायचा, पण त्याला कारण वारा होता. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. सायकलवरून दुकानात जाताना वारा समोरून असे आणि घरी येतानाही समोरूनच असे. ग्रोनिंगनच्या सपाट मुलखात वाऱ्याला तोटा नाही हे खरं, पण तो एकाच म्हाताऱ्याच्या मागे असा हात धुऊन लागत नाही, हे त्याची मुलगी रेन्स्का दोन वर्षं सांगत होती. ती गावच्याच दवाखान्यात परिचारिका होती.

"बाबा, एकदा येऊन छाती तपासून घ्या."

"वाऱ्यावर औषध निघालं की सांग, येतो."

शेवटी रेन्स्काने डोकं लढवलं. गावच्या सभागृहात आरोग्यदिन होता. रक्त शरीरात कसं फिरतं ते गावकऱ्यांनीच फिरून दाखवायचं, असं तिने ठरवून टाकलं. बाबांना रक्त करायचं आणि तीन फेऱ्या मारायला लावायच्या. सभागृहात वारा नसतो. तिथे दम लागला की पळवाट उरणार नाही, आणि डॉक्टर हाइडाबाई तर शेजारीच उभ्या असणार.

मांडणी सोपी होती. स्वयंपाकघर म्हणजे फुप्फुसं. रक्ताने तिथून एकेक बिस्कीट उचलायचं, कारण बिस्कीट म्हणजे प्राणवायू. ते घेऊन सभेच्या खोलीत, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात जमायचं. बँडवाल्या येल्मरने ढोल वाजवला की दार उघडणार आणि सगळ्यांनी लांबलचक बोळातून, म्हणजे महाधमनीतून, पुढे सुटायचं. वाचनालयात डोकं बसवलं होतं आणि सायकलींच्या शेडमध्ये पाय. त्यांना बिस्कीट द्यायचं आणि मागच्या दाराने कोट टांगायच्या खोलीत, म्हणजे उजव्या कप्प्यात, रिकाम्या हाताने परत यायचं. तिथून पुन्हा स्वयंपाकघर.

फोकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी रक्त होणार नाही. ते बोळाचं दार कोण सांभाळणार?"

"ती झडप आहे, बाबा. आपोआप उघडते."

"आपोआप?" फोकोची चाळीस वर्षं कालव्याची दारं उघडण्यात आणि मिटण्यात गेली होती. "आपोआप काही उघडत नसतं, पोरी. कुणीतरी तिथं उभं असतं."

दार दिलं नसतं तर तो सरळ घरी गेला असता. रेन्स्काने दार दिलं, आणि तिचा बेत सुरू व्हायच्या आधीच फसला.

पहिली फेरी मात्र झकास झाली. ढोल वाजला की फोको दार उघडे, माणसं मोजून सोडे आणि धाडकन मिटे. पाद्रीबाबा दोन पावलं गेले आणि परत फिरले.

"फोको, चष्मा आत राहिला माझा."

"पुढून फिरून या."

"अहो, हा काय, टेबलावरच आहे!"

"एकदा सोडलेलं पाणी मागं घेत नाही मी."

पाद्रीबाबा बिनचष्म्याचे पायांपर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या फेरीला घोटाळा झाला. स्वयंपाकघरात डबा आल्त्येबाईंच्या हातात होता. कॉफीच्या एका कपाबरोबर एक बिस्कीट, की झाकण बंद. या नियमावर त्यांनी गावची सगळी लग्नं आणि मयतं निभावली होती.

"तुझं झालं ना मघाशी?" त्यांनी पहिल्याच माणसाला अडवलं.

"ते मी खाल्लं नाही. डोक्याला दिलं."

"ते तुझं आणि डोक्याचं. मी एकदा दिलंय."

"आल्त्येबाई, हा प्राणवायू आहे!"

"असू दे की. प्राणवायू आहे म्हणून काय दोन-दोन घ्यायचे?"

रांग थांबली. ती कोटांच्या खोलीपर्यंत गेली, मग मागच्या दाराबाहेर गेली. शेडमधून ओरडा आला, "अरे, पाय गारठले इकडे!" डावा कप्पा रिकामा पडला, तरी येल्मर इमानाने ढोल बडवत होता. फोकोने दार उघडलं, कोणी नाही. पुन्हा उघडलं, तरी कोणी नाही. तिसऱ्यांदा तो वैतागून दार तसंच सोडून स्वयंपाकघराकडे निघाला.

बोळात पहिल्या फेरीतले वीसेक जण बिस्किटं हातात धरून अजून गप्पा मारत होते. त्यांना दार उघडं दिसलं, पलीकडून कॉफीचा वास आला, आणि ते सगळे मागे फिरले. नेमकं त्याच वेळी हाइडाबाईंनी "डॉक्टर म्हणून सांगते" असं म्हणून आल्त्येबाईंना झाकण उघडायला लावलं होतं. तुंबलेली सगळी रांग बिस्किटं घेऊन त्याच सभेच्या खोलीत घुसली. टेबल आडवं झालं, कप फुटले, पाद्रीबाबांचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली गेला. फोकोला स्वतःच्या दारापर्यंत पोचता येईना.

हाइडाबाई खुशीत खुर्चीवर चढल्या. "कुणी हलू नका! बघा, झडप नीट मिटली नाही की हेच होतं. पुढे गेलेलं रक्त मागे येतं आणि हृदयाला तेच पुन्हा ढकलावं लागतं."

"मग?" फोकोने गर्दीतून विचारलं.

"हृदय थकतं. माणसाला दम लागतो. साधं दुकानापर्यंत गेलं तरी."

फोकोने उघड्या दाराकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने बादलीभर पाणी मागे येऊ दिलं नव्हतं.

"असं आतलं दार गळतंय, हे बाहेरून कळतं?" त्याने हळूच विचारलं.

"छातीला नळी लावली की ऐकू येतं."

"सोमवारी किती वाजता उघडता?"

रेन्स्का फुटलेले कप गोळा करत होती. तिला एकदम रडूच आलं, इतका आनंद झाला. ती तशीच खाली वाकून राहिली.

सोमवारी हाइडाबाईंनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. "आवाज येतोय खरा. मोठ्या रुग्णालयात पडद्यावर बघून घेऊ. वेळेवर आलात, उपाय होईल."

फोकोने सदऱ्याची बटणं लावली आणि तो मुलीकडे वळला.

"ऐकलंस? गळतंय! आणि तू इथंच नोकरीला ना? दोन वर्षं बाप धापा टाकतोय, तुला एकदा म्हणवलं नाही, की चला बाबा, तपासून घेऊ?"

हाइडाबाईंनी रेन्स्काकडे पाहिलं. रेन्स्काने वडिलांचं मन बदलायच्या आत रुग्णालयाची चिठ्ठी भरायला घेतली.